सात ते नऊ सेंटिमीटर

वाटाण्याची शेंग सात सेंटिमीटरच्या आत चालत नाही,
नऊच्या वर चालत नाही.
वाकडी चालत नाही. डाग तर नाहीच नाही.
शेडमध्ये माझ्या हातात हिरवी प्लास्टिकची पट्टी असते,
पहाटे पाचपासून मी तिच्यावर शेंगा निजवते,
उचलते, खोक्यात टाकते.
रात्री विमान. परवा कुणाच्या तरी ताटात,
पात्सूनच्या मातीचा कणही अंगाला न लागलेल्या.

मंगळवारी शाळेत ओडिलियाला मोजलं.
नर्स मिर्नानं टाचा भिंतीला टेकवायला लावल्या,
लाकडी फळी हळूच डोक्यावर आणली.
तेरा वर्षं. एकशे छत्तीस सेंटिमीटर. एकोणपन्नास किलो.
आधी एका तक्त्यावर बोट, मग दुसऱ्या तक्त्यावर:
उंची कमी. वजन जास्त.
मी म्हटलं, बाई, एका पोरीला दोन उलटे आजार कसे?
ती म्हणाली, उलटे कुठले,
एकाच चुलीवरचे आहेत.

शेजारची फेलिसा म्हणते,
खात्यापित्या घरची दिसते हो तुझी लेक.
खाते ना. एका क्वेत्झालला फुग्यासारखी पुडी येते,
आत नारिंगी भुकटी, बोटं चाटत राहावं अशी.
पिते ना. नळाला दिवसाआड पाणी, तेही गढूळ;
बाटलीतलं काळं, गोड पाणी मात्र स्वच्छ,
त्यानं जुलाब होत नाहीत.

जुलाब मी पाहिलेत.
ती दीड वर्षाची होती, पाठीवरच्या झोळीत.
महिन्यातून दोनदा, तीनदा.
तिचं वजन उतरत गेलेलं
मला चढ चढताना कळायचं:
चढ सोपा व्हायचा.
तेव्हा तक्ता घेऊन कुणी आलं नाही.

आमच्या तुकड्यात पूर्वी मका असे,
मक्याच्या अंगाला घेवडा, पायाशी भोपळा.
आता तारांवर वाटाणा, फवारणी, फवारणीचा हप्ता.
घेवडा बाजारातून आणायचा, दोन तास शिजवायचा.
शेवयांचं पाकीट तीन मिनिटांत होतं,
आणि शेडवरून येते तेव्हा
माझ्यात तीनच मिनिटं उरलेली असतात.

शाळेच्या मैदानात ट्रक उभे राहतात, शाळेला भाडं मिळतं.
हमरस्त्यावर त्या मुलीचं जे झालं, तेव्हापासून
दिवस मावळायच्या आत पोरी घरात.
ओडिलिया खाटेवर बसून
फोनमध्ये दुसऱ्या पोरींना नाचताना बघते.

आपलं रक्तच बुटकं, तिचा बाप म्हणतो.
मीही तसंच धरून चालले होते,
गास्पारनं उत्तरेतून फोटो धाडेपर्यंत.
गास्पार माझा पाठचा भाऊ, माझ्याएवढाच.
शेजारी त्याचा जेसन, तेराही पुरे नाहीत अजून;
नाक आमचं, कपाळ आमचं,
आणि बापाची टोपी त्याच्या खांद्याशी.
दोन बोटांनी मी तो फोटो लहान लहान करत गेले.
जेसन उंचच राहिला.

काल नापास शेंगा ओच्यात घेऊन आले.
मुकादमानं बघून न बघितल्यासारखं केलं.
उकडल्या, मीठ टाकलं.
ओडिलियानं वरून नारिंगी भुकटी पेरली
आणि एकूण एक संपवल्या.
म्हणाली, गोड आहेत गं. रोज का नाही आणत?

दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या रेघा आहेत.
शेवटच्या दोन इतक्या जवळ की एकच वाटते.
आज तिला चौदावं लागलं.
सकाळीच येऊन उभी राहिली, टाचा टेकवून,
पेन्सिल माझ्याकडे धरून.
मी म्हटलं, राहू दे आता,
दाराला रंग द्यायचाय.